आठ वाजेपर्यंतची स्कॉलरशिप

परवा आमच्या पतसंस्थेत एक काका मुदतठेव मोडायला आले. मुलीला एआय आणि डेटा सायन्सच्या मास्टर्सला घालायचंय, फी आज रात्री आठच्या आत भरली तरच स्कॉलरशिप मिळणार आहे, म्हणाले. ते 'आठच्या आत' ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. हे सगळं मी भोगलंय. आजवर घरच्यांपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता लिहिते आहे.

मी बार्शीची. स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले. एमएस्सीला पुण्याला जायचं ठरलं होतं, पण त्याच उन्हाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी इथंच नोकरीला लागले. शिकायचं मात्र डोक्यातून गेलं नाही. जून २०२४ मध्ये मोबाइलवर एका कंपनीची जाहिरात दिसली: परदेशी विद्यापीठाची एमएस्सी, घरबसल्या, शनिवार-रविवार वर्ग. नाव-नंबर भरला आणि पाच मिनिटांत कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, गाव सोडायची काही गरज नाही. तालुक्याच्या मुलींसाठीच आम्ही हे सुरू केलंय." बोलणं इतकं आपुलकीचं होतं की तीन वर्षांत असं मला कुणीच विचारलं नाही, असं वाटून गेलं.

फी ३ लाख ८० हजार. माझे मार्क बघून १ लाख ४० हजारांची स्कॉलरशिप. उरलेले २ लाख ४० हजार 'नो कॉस्ट ईएमआय'वर, महिना १० हजारांचे २४ हप्ते. नोंदणीचे ५ हजार लगेच. हे सगळं आज रात्री आठपर्यंतच, मग सीट दुसऱ्याला.

पावणेआठला तिनं मला फोनवरच एकेक पायरी करायला लावली. आधार, पॅन, सेल्फी. "खाली जा ताई, अजून खाली, आता 'मी सहमत आहे' वर दाबा." मी सरकवत गेले ती बावीस पानं कर्जाच्या कराराची होती. माझा पगार कमी पडतो म्हणून अप्पा सहकर्जदार झाले. त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मीच वाचून दाखवला. दिवसभर काउंटरवर मी लोकांना सांगत असते, दादा, वाचून सही करा, जामीनदाराला घेऊन या. आणि घरी मी हे केलं. याचं दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

पैसे परत मागायची मुदत होती सात दिवसांची. पहिला वर्ग ठेवला होता अकराव्या दिवशी. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, तुम्ही मात्र आधी हेच बघा.

वर्ग 'लाइव्ह' म्हणून सांगितला होता. दोनशेच्या वर मुलं, सगळ्यांचे माइक बंद. मी चॅटमध्ये रिग्रेशनवर एक शंका विचारली, उत्तर नाही. तास संपताना सर हसून म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत हा सराव करून ठेवा. तेव्हा जुलै चालू होता.

नोव्हेंबरमध्ये मला बोनाफाइड हवं होतं. आलं त्यावर विद्यापीठाचं नावच नाही, नुसती कंपनी. फोन केला तर नवाच माणूस बोलला: तुमचं हे पहिलं वर्ष आमच्या सर्टिफिकेटचं, विद्यापीठाचा प्रवेश हा दुसरा टप्पा, त्याची फी वेगळी, युरोमध्ये. मी थेट विद्यापीठाला ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की माझ्या नावाची नोंद त्यांच्याकडे नाही, अर्ज केल्यास इतरांसारखाच विचार होईल.

मग शोधत बसले. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की ऑनलाइन शिक्षण कंपन्यांशी हातमिळवणी करून परदेशी संस्था देतात त्या पदव्या आपल्याकडे मान्य नाहीत. म्हणजे मी ५ हजार भरले तेव्हा ती सूचना सहा महिन्यांची जुनी होती. आपल्या देशातल्या विद्यापीठांनाही ऑनलाइन पदवी देण्यासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची परवानगी लागते. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला ती आहे, याची यादी ब्युरोच्या साइटवर आहे. २०२४ पासून अशा प्रवेशाला विद्यार्थ्याला ब्युरोचा स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडीही काढावा लागतो. आता कुणी तो मागितलाच नाही, तर तिथंच शंका यायला हवी.

हप्ते थांबवायचे ठरवलं. कर्ज देणाऱ्या कंपनीनं सांगितलं, कोर्स कसा आहे ते आमचं काम नाही, पैसे त्यांना कधीच गेलेत. एक हप्ता चुकवला तर वसुलीचे फोन अप्पांच्या मोबाइलवर. त्यांना नीट बोलता येत नाही आणि समोरचा ओरडतोय. पुढच्या महिन्यापासून मी गुपचूप भरायला लागले. सिबिल बिघडलं की काय होतं, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

मोबाइलवरून घेतलेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मुदत करारासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. माझ्या पत्रकातही होती. मी ते उघडलं डिसेंबरमध्ये.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांच्या प्रयत्नानं नोंदणीचे ५ हजार परत आले, बाकी काही नाही. मग ई-दाखिल या तेव्हाच्या सरकारी पोर्टलवर ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. अडचण पुराव्याची आहे. पदवीची, नोकरीची सगळी आश्वासनं फोनवर दिली गेली, व्हॉट्सॲपवर नुसते गुलाबाचे इमोजी आणि पैसे भरायची लिंक. एकच मेसेज सापडला, 'डिग्री विद्यापीठाचीच मिळेल ताई', तो स्क्रीनशॉट मी तीन ठिकाणी जपून ठेवलाय. कुणी असं काही सांगत असेल तर म्हणा, हेच ईमेलवर लिहून पाठवा. माझी खात्री आहे, निम्मे फोन तिथंच बंद होतील.

शिकायची भूक खोटी नव्हती, म्हणून सांगते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मशीन लर्निंगचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. २०२४ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. रात्री अप्पांना औषध दिलं की मी तोच अभ्यास करते.

त्या काकांना मी ठेव मोडू दिली नाही. म्हणजे अडवलं नाही, खुर्ची दिली, ब्युरोची यादी उघडून दोघांनी मिळून नाव शोधलं. सापडलं नाही. आठला दहा मिनिटं असताना त्यांचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला आणि मला म्हणाले, पोरी, पुन्हा एकदा वरून बघ.