निटिसिनोन: कॅप्सूल घ्यावी की पातळ औषध?

टायरोसिनेमिया प्रकार १ या जन्मजात आजारात टायरोसिन, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, शेवटपर्यंत मोडत नाही. वाटेत सक्सिनिलअसिटोन तयार होतं आणि ते यकृत, मूत्रपिंडं पोखरतं. निटिसिनोन ही साखळी वरच्याच टप्प्यावर अडवतं. निघालं तणनाशकाच्या संशोधनातून, पण कामाला चोख. आमच्या तक्रारी आहेत त्या मोजमापाच्या.

सुरुवातीचा डोस दिवसाला किलोमागे १ मिग्रॅ. ओरफॅडिन या ब्रँडच्या निटिसिनोन कॅप्सूल २, ५, १० आणि २० मिग्रॅच्या येतात. ७.६ किलोच्या बाळाला ५ आणि २ मिळून ७ मिग्रॅ होतात, २ च्या चार घेतल्या तर ८; नेमके ७.६ बसत नाहीत. ४ मिग्रॅ/मिली पातळ औषधात ७.६ मिग्रॅ म्हणजे दिवसाला १.९ मिली, म्हणजे दोन वेळा ०.९५ मिली, सिरिंजने नेमकं मोजता येतं. तान्ह्यांसाठी पातळ औषधच बरं. वीस किलोच्या पुढे कॅप्सूल सोयीची, आणि औषध शरीरात दोन दिवसांहून जास्त रेंगाळत असल्याने दिवसातून एकदाही चालते.

पातळ औषधाच्या नव्या बाटलीत तळाशी घट्ट थर बसलेला असतो. फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवा, मग किमान २० सेकंद जोरात हलवा. थर तसाच राहिला तर आधीचे डोस फिके आणि शेवटचे कडक. फेस बसू द्या, नाहीतर सिरिंजमध्ये हवा मोजली जाते. कॅप्सूल उघडून द्यायची तर भुकटी चमचाभर पाण्यात कालवून लगेच पाजा. दुधाच्या अख्ख्या बाटलीत टाकली आणि बाळाने अर्धं दूध सोडलं, की अर्धा डोसही गेला.

महिन्याभरानंतरही सक्सिनिलअसिटोन दिसत असेल तर डॉक्टर डोस दिवसाला किलोमागे १.५ मिग्रॅपर्यंत नेतात. कमाल मर्यादा २. त्याआधी वजनकाटा बघा. मूल दोन किलोंनी वाढलेलं आणि डोस मात्र जुनाच, हे नेहमीचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. औषधाने टायरोसिन वाढतं, ते वाढणारच. साखळी अडवली की मागे तुंबणार. रिपोर्टमध्ये टायरोसिनचा आकडा ५०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर दिसला की घरचे घाबरून गोळी कमी करतात. मग टायरोसिन उतरतं आणि सक्सिनिलअसिटोन परत येतं. कापायची ती डाळ, दूध, पनीर, अंडी, औषध नव्हे. प्रथिनांची उणीव टायरोसिन आणि फेनिलअलॅनिन (शरीरात ज्याचं टायरोसिन होतं ते अमिनो आम्ल) नसलेल्या खास पावडरीने भरायची, तीही आहारतज्ज्ञाच्या हिशेबाने.

किंमत? नोव्हेंबर २०२३ मध्ये देशी कॅप्सूल आल्यावर सरकारने वर्षाचा खर्च सव्वादोन कोटींच्या आसपास होता तो अडीच लाखांवर आल्याचं सांगितलं. तरी साठवणुकीत हयगय नको: ओरफॅडिनच्या कॅप्सूलला २ ते ८ अंश लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात कपाटात ठेवायची वस्तू नव्हे ही.

डोळे लाल, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही, असं झालं तर नुसते थेंब घालून थांबू नका. टायरोसिनचे स्फटिक बुबुळावर बसलेले असू शकतात. नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं उपकरण) तपासून घ्या आणि टायरोसिनची पातळी लगेच काढा.