इलेक्ट्रॉनिक ड्रम संचाचा विस्तार: वाढीव पॅड, क्लॅम्प आणि स्टँड यांचा काही महिन्यांचा अनुभव

पाच पॅड आणि तीन सिंबल असलेल्या मध्यम श्रेणीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम संचाला मी दुसरा क्रॅश (जोरदार ठोक्यासाठीचा सिंबल), चौथा टॉम (मधल्या सुराचा ड्रम) आणि स्प्लिटर केबलवर चालणारे दोन लहान रबरी पॅड जोडले, त्याला आता बरेच महिने झाले. एवढ्या वापरानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. वाढीव पॅड कोणत्या कंपनीचा आहे, यापेक्षा तो मॉड्यूलच्या, म्हणजे पॅडचे संदेश घेऊन आवाज काढणाऱ्या पेटीच्या, कोणत्या जॅकमध्ये जातो आणि कशावर बसवला आहे, यावर तो उपयोगी पडणार की अडगळ होणार हे ठरते. विकत घेताना मात्र आपले सगळे लक्ष पॅडच्या व्यासाकडे आणि पृष्ठभागाकडे असते, आणि क्लॅम्पचा विचार सर्वांत शेवटी होतो.

पहिला प्रश्न मोकळ्या जॅकचा असतो. मध्यम श्रेणीच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये मूळ पॅडच्या तारा एकाच जाड, बहुतारी केबलमधून येतात आणि त्यांव्यतिरिक्त एकदोन स्वतंत्र जॅक विस्तारासाठी ठेवलेले असतात. रोलँड टीडी-१७ वर दुसऱ्या क्रॅशसाठी एक आणि ‘ऑक्स’ नावाचा एक असे दोन जॅक आहेत. अलेसिसच्या नायट्रो मॉड्यूलवर चौथा टॉम आणि दुसरा क्रॅश यांची सोय आहे. माझ्या मॉड्यूलवर असे तीन जॅक मोकळे होते. जॅक ६.३५ मिमीचा असला, की त्यात कोणताही पॅड चालेल असे वाटते. पण प्लग बसणे आणि पॅड नीट वाजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पॅडच्या पोटात पिएझो नावाची चकती असते. स्टिकचा आघात झाला की ती कंप पावते आणि क्षणभर विद्युत्दाब निर्माण करते. त्या दाबाच्या उंचीवरून मॉड्यूल आघाताची तीव्रता ठरवते. दोन झोनच्या, म्हणजे मधल्या भागावर आणि कडेवर वेगळा आवाज देणाऱ्या, पॅडमध्ये दुसरा झोन दोन प्रकारे केलेला असतो. काही पॅडमध्ये कडेलाही दुसरा पिएझो असतो, तर काहींमध्ये, विशेषतः सिंबलमध्ये, कडेच्या रबराखाली पट्टीसारखा स्विच असतो. स्विच असलेल्या पॅडमध्ये तीव्रता मधल्या पिएझोवरूनच मोजली जाते आणि आघात कडेवर झाला एवढेच स्विच सांगतो. त्यामुळे दोन पिएझोंचा पॅड स्विचची अपेक्षा असलेल्या जॅकला लावला, तर मधला भाग व्यवस्थित वाजतो आणि रिम (कड) मुकी राहते किंवा मनाला येईल तशी वाजते. तीन झोनच्या राइडमध्ये (सतत ताल धरण्यासाठीच्या मोठ्या सिंबलमध्ये) तर पद्धती आणखी वेगळ्या आहेत: यामाहाच्या तीन झोनच्या पॅडमध्ये स्विचच्या मंडलातील रोधाच्या फरकावरून झोन ओळखला जातो आणि सगळे एकाच केबलवर भागते, तर रोलँडच्या सीवाय-१५आर या राइडला घुमटीसाठी (मधल्या उंचवट्यासाठी) दुसरी केबल लागते. एका कंपनीचा सिंबल दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला लावताना मधला भाग आणि कड मिळाली तरी घुमटी मिळेलच असे गृहीत धरू नये. मी दुसऱ्या कंपनीचा टॉम घेतला तो या हिशेबानेच. टॉमची रिम मला फारशी लागत नाही, आणि मॉड्यूलमध्ये त्या जॅकचा पॅडप्रकार बदलता येत असल्यामुळे मधला भाग चांगला जुळवता आला.

याच संदर्भात केबलचा एक बारकावा सांगायला हवा. दोन झोनच्या पॅडला तीन पट्ट्यांच्या प्लगची स्टिरिओ केबल लागते. तिच्या जागी गिटारची साधी मोनो केबल लावली, तर प्लगचा दांडा जॅकमधील मधल्या स्पर्शकाला थेट जमिनीशी जोडतो. मॉड्यूलला मग कडेचा स्विच कायमचा दाबलेला आहे असे वाटू शकते आणि क्रॅश वाजताक्षणी गुदमरतो. सिंबल बिघडला अशी शंका आल्यास आधी केबल बदलून पाहावी.

तीनच जॅक मोकळे असताना चार वस्तू जोडायच्या, म्हणून स्प्लिटर आला. ही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची केबल असते. तिचे एक टोक स्टिरिओ आणि बाकीची दोन मोनो असतात. दोन पिएझोंची अपेक्षा असलेल्या जॅकला ती लावली, की एका पॅडचा संदेश ‘हेड’ म्हणून आणि दुसऱ्याचा ‘रिम’ म्हणून पोहोचतो. युक्ती स्वस्त आहे आणि चालते, पण तिच्या मर्यादा वापरातच कळतात. मॉड्यूलच्या दृष्टीने हे दोन्ही मिळून एकच पॅड असतो, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी आघात केला तर तो रिमशॉट (मध्य आणि कड यांवर एकत्र मारलेला ठोका) समजून एकच ध्वनी वाजवला जातो. संवेदनशीलतेसारखी मूल्येही बहुधा सामायिक असतात, म्हणून दोन्ही पॅड एकाच बनावटीचे असणे जवळजवळ अनिवार्य आहे. मी एका पॅडवर काउबेलचा (घंटेसारखा) आणि दुसऱ्यावर स्प्लॅशचा (लहान सिंबलचा) आवाज ठेवला आहे, कारण हे दोन ध्वनी एकाच ठोक्यावर मला कधी लागत नाहीत. दोन टॉमसाठी स्प्लिटर वापरण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. टॉमवर फ्लॅम (जवळजवळ एकाच वेळी पडणारे दोन ठोके) वाजवताना एक ठोका गिळला जातो आणि हात चुकल्यासारखा वाटतो.

आता क्लॅम्प आणि नळ्यांकडे वळतो. कारण खरा त्रास आणि खरे समाधान, दोन्ही मला इथेच मिळाले. पुष्कळ रॅकच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या सांगाड्याच्या, नळ्या ३८ मिमी, म्हणजे दीड इंच व्यासाच्या असतात आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या क्लॅम्पपैकी बरेचसे याच मापाचे असतात. परंतु पॅड ज्या काटकोनी दांड्यावर बसतो, त्याची जाडी मात्र कंपनीगणिक बदलते, ९.५ मिमीपासून १२.७ मिमीपर्यंतचे दांडे बाजारात आहेत. पॅडचे भोक आणि दांडा यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी पॅड काही गाण्यांनंतर हळूहळू खाली मान टाकतो. कागदाची किंवा टेपची भर घालून तो तात्पुरता थांबतो, टिकत नाही. नळीचा व्यास आणि दांड्याची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजून घेतल्याशिवाय काहीही मागवू नये, असे मी आता ठामपणे म्हणेन.

मी एक प्लॅस्टिकचा आणि दोन धातूचे क्लॅम्प वापरून पाहिले. प्लॅस्टिकचा क्लॅम्प पहिल्या दिवशी धातूइतकाच घट्ट वाटला. पुढे मात्र सततच्या ताणाखाली प्लॅस्टिक सूक्ष्मपणे वाहू लागते आणि पकड सैल होते. पुन्हा आवळला की काही दिवस बरा चालतो आणि परत सैलावतो. धातूच्या बिजागरीच्या क्लॅम्पला हा दोष नाही, पण त्याची फुलपाखरी चावी वाजवण्याच्या कंपनाने फिरते, म्हणून तिच्याखाली स्प्रिंग वॉशर घालणे उपयोगी पडले. ड्रमच्या चावीने आवळता येणारा चौकोनी डोक्याचा बोल्ट त्याहून बरा, कारण तो हाताच्या जोरावर अवलंबून नसतो. फार आवळण्याचाही मोह टाळावा. अशा रॅकच्या नळ्या पातळ असतात आणि एकदा खड्डा पडला की त्या जागी कोणताच क्लॅम्प नीट धरत नाही. नळीवर बसणारी, क्लॅम्पची जागा पक्की करणारी मेमरी लॉकची कडी मी प्रत्येक नव्या जोडणीखाली घातली आहे. संच उचलून पुन्हा उभारताना ती वेळ वाचवते, आणि क्लॅम्प सैलावलाच तरी पॅड घसरत नाही.

दुसरा क्रॅश आधी रॅकच्या डाव्या टोकाच्या नळीवर, लांब बूम दांड्यावर (बाहेर झुकलेल्या आडव्या दांड्यावर) बसवला होता. रबरी सिंबल दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि दांडा जितका लांब तितका त्याचा नळीवरचा मुरड घालणारा जोर वाढतो. प्रत्येक जोरदार ठोक्याबरोबर सगळा रॅक डोलत असे आणि शेजारचा पहिला टॉम हलकेच आपोआप वाजत असे. या आगंतुक आवाजाला क्रॉसटॉक म्हणतात. त्यावर मॉड्यूलमध्ये उपाय असतो: क्रॉसटॉक कॅन्सलचे मूल्य वाढवले की जोरदार आघाताच्या सोबतीने आलेला क्षीण संदेश मॉड्यूल दुर्लक्षित करते. पण मूल्य अति वाढवले तर दोन पॅडवर एकत्र मारलेल्या आघातांतला हलका आघातही नाहीसा होतो. जे यांत्रिक आहे ते यांत्रिकच मार्गाने सोडवावे, या विचाराने मी तो क्रॅश रॅकवरून काढून जमिनीवर उभ्या असलेल्या स्वतंत्र, दुहेरी पट्ट्यांच्या पायांच्या बूम स्टँडवर नेला. रॅकचे डोलणे आणि टॉमचा आगंतुक आवाज दोन्ही एकदम थांबले आणि क्रॉसटॉक कॅन्सल पुन्हा मूळच्या मूल्यावर आणता आले. स्टँडच्या तीन पायांपैकी एक पाय बूम दांड्याच्या अगदी खाली, त्याच दिशेला ठेवावा. उलट ठेवल्यास स्टँड वादकाच्या अंगावर कलंडण्याची शक्यता असते. या सगळ्या विस्तारातली सर्वांत चांगली खरेदी कोणती, असे कोणी विचारले तर मी या साध्या स्टँडचेच नाव घेईन.

चौथ्या टॉमच्या बाबतीत मॉड्यूलमधली इतर मूल्येही हाताळावी लागली. थ्रेशोल्ड (आवाज येण्यासाठी लागणारा किमान आघात) फार कमी असेल तर शेजारच्या कंपनानेच टॉम वाजतो आणि फार जास्त असेल तर घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके ठोके, हरवतात. एका ठोक्याचे दोन आवाज येत असतील तर मास्क टाइम (एका ठोक्यानंतर पुढचे संदेश दुर्लक्षित करण्याचा काळ) थोडा वाढवावा. मात्र त्याबरोबर जलद रोल तुटू लागतात, म्हणून मूल्य बदलल्यावर प्रत्येक वेळी रोल वाजवून पाहणे गरजेचे आहे. पिएझोच्या संदेशातील शिखर शोधायला मॉड्यूल जो वेळ घेते त्याला स्कॅन टाइम म्हणतात. तो मिलिसेकंदांत असतो, आणि तो वाढवला की तीव्रता अधिक अचूक मोजली जाते, पण तेवढाच उशीर पदरात पडतो. मूळ पॅडसाठी कारखान्यातच ठरवलेल्या या गोष्टी परक्या पॅडसाठी वादकाला स्वतः कराव्या लागतात, आणि त्यासाठी एक निवांत संध्याकाळ राखून ठेवावी.

पृष्ठभागाच्या फरकाबद्दल थोडक्यात. जाळीचे कातडे असलेल्या मेश पॅडचा प्रसार १९९७ मध्ये आलेल्या रोलँडच्या टीडी-१० संचापासून झाला आणि आज मध्यम श्रेणीतही ते सहज मिळतात. माझे मूळ टॉम मेशचे आहेत आणि लहान पॅड रबराचे; रबरावर मनगटाला धक्का जास्त बसतो. काउबेलसाठी हे चालून जाते, चौथ्या टॉमसाठी मला चालले नसते. मेश पॅडमध्ये पिएझो अगदी मध्यभागी शंकूवर बसवलेला असेल, तर नेमक्या त्या जागी आवाज जरा मोठा येतो. कातडे किंचित अधिक ताणल्यावर तो फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही.

दुसऱ्या क्रॅशच्या कडेचा स्विच वादकाकडच्या बाजूलाच आहे, त्यामुळे सिंबल फिरला की कड आणि हाताने धरून आवाज थांबवण्याची सोय दोन्ही जातात. दांड्यावर खाचेत बसणारा रोधक अनिवार्य आहे. स्टँडबरोबर तो मिळाला नाही, वेगळा घ्यावा लागला. केबल सिंबलच्या खालून थोडी सैल ठेवून मग दांड्याला बांधावी, नाहीतर प्रत्येक झोक्याबरोबर जॅकवर ओढ बसते.

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना नव्या पॅडना मिडीचे (वाद्य आणि संगणक यांतील संदेशपद्धतीचे) स्वरक्रमांक स्वतः द्यावे लागले. जनरल मिडी या सर्वमान्य क्रमांकयादीत तालवाद्ये दहाव्या चॅनेलवर असतात. तिथे पहिला क्रॅश ४९, दुसरा क्रॅश ५७, स्प्लॅश ५५ आणि काउबेल ५६ हे क्रमांक ठरलेले आहेत, आणि तेच ठेवल्यामुळे कोणत्याही ड्रम सॉफ्टवेअरमध्ये फार जुळवाजुळव करावी लागली नाही. आणखी एक चायना सिंबल जोडायची इच्छा आहे, पण आता मॉड्यूलवर एकही जॅक मोकळा नाही. त्यासाठी पॅडच्या संदेशाचे मिडीत रूपांतर करणारा वेगळा ट्रिगर इंटरफेस लागेल आणि त्या सिंबलचा आवाज संगणकातून घ्यावा लागेल. सरावासाठी प्रत्येक वेळी संगणक सुरू करणे मला नको आहे, म्हणून सध्या तरी स्प्लॅशच्याच पॅडवर, वेगळ्या किटमध्ये (मॉड्यूलमधल्या दुसऱ्या ध्वनिसंचात), चायनाचा आवाज ठेवून काम भागवतो आहे.