टोमॅटो, खत आणि कसारा घाट: दीड टनी पिकअप 11 महिने वापरल्यावर

गाडी या वर्गातली नेहमीचीच: डिझेल, बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा सध्याचा नियम), कागदावर 1,500 किलो पेलोड, म्हणजे गाडीने वाहायचं वजन. 11 महिन्यांत 38,000 किलोमीटर झाले. हंगामात निफाड-दिंडोरीच्या शिवारातून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला खेपा, आठवड्यातून दोनदा वाशी, आणि येताना बहुतेक वेळा खताच्या गोण्या. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू होतं.

आधी वजनाचं बोलू, कारण निवड इथेच चुकते. माहितीपत्रकातले 1,500 किलो म्हणजे 1,500 किलो माल नव्हे. आरसीवर दोन आकडे असतात, अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं) आणि ग्रॉस वेट (माल-माणसांसकट जास्तीत जास्त). दोघांतल्या फरकातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस यांचे 140 किलो वजा करा. ताडपत्री, दोरखंड, जॅक यांचे 30. हौद्यावर उंच जाळी बसवली असेल तर तिचे 90 च्या आसपास. राहिले 1,240. टोमॅटोचं क्रेट 20 किलोचं धरलं तरी रिकाम्या क्रेटचे दोनेक किलो वेगळे, म्हणजे एका क्रेटला 22. हिशोब 56 क्रेटवर संपतो. हंगामात मात्र याच हौद्यात 80 क्रेट सर्रास रचली जातात आणि मग "गाडी टिकत नाही" अशी ओरड होते. तुमची रोजची खेप 80 क्रेटचीच असेल तर ही गाडी घेऊच नका, वरच्या वजनाची घ्या. जाळी बसवल्यानंतर भुईकाट्यावर एकदा रिकाम्या गाडीचं वजन करून घ्या, म्हणजे खरा आकडा हातात राहतो.

ग्रॉस वेट 3,000 किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. म्हणूनच या वर्गातल्या बऱ्याच गाड्या त्या आकड्याच्या जरा आत बसवलेल्या असतात. लायसन एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं चालतं. 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला तेच पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. ओव्हरलोडचा दंड मात्र 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. दोन-तीन खेपांचं भाडं एका पावतीत जातं.

आता पाटे, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आपल्याकडे गाडी शोरूममधून निघाली की थेट पाटेवाल्याकडे जाते आणि मागे एक-दोन जादा पाटे चढतात. याला माझा ठाम विरोध आहे. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग वाल्व असतो, त्यात चासी आणि ॲक्सल यांना जोडणारी एक दांडी असते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही खाली बसत नाही. वाल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर येतो, पुढचे पॅड लवकर संपतात आणि पावसात घाट उतरताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिवाय पाटा वाढला म्हणून ॲक्सल, बेअरिंग, टायर यांची ताकद वाढत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच.

मूळ पाट्यांत दम आहे का, हे टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या गाडीत कळत नाही. ओळखीच्या कुणाची तीच गाडी पूर्ण भरलेली असताना सपाटीवर उभी करा आणि मागच्या चाकाशी वाकून पाहा. ॲक्सल आणि वरचा रबरी बंप स्टॉप यांच्यात तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. रबर चपटं होऊन चकाकत असेल तर त्या गाडीला तेवढं वजन झेपत नाही.

नव्या गाडीचे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) पहिल्या 1,000-1,500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, तेही टॉर्क पान्याने, अंदाजाने नाही. नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. सैल यू-बोल्टमुळे पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो, गाडी तिरकी चालते आणि लोक अलाइनमेंट करत बसतात.

बीएस-6 ची खरी परीक्षा डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. शेत ते मार्केट 15-20 किलोमीटर, मग लिलावाच्या रांगेत इंजिन चालू, परत तेवढंच अंतर. अशा वापरात सायलेन्सरच्या फिल्टरमधली काजळी जळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो, मग गाडीची ओढ मरते, शेवटी गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं. चौथ्या महिन्यात आमचाही दिवा लागला. दिवा नुसता लागला असेल तर 20 मिनिटं सलग 50-60 च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून चालवली की बहुतेक वेळा विझतो. मध्येच इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं, जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर कारण हेच असतं. ऑइल लगेच बदला. आणि डीपीएफच्या गाडीत लो-ॲश ऑइलच घाला. ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. वाशीच्या खेपा सुरू झाल्यापासून दिवा पुन्हा लागला नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. तिथे एकसारख्या वेगात गाडी तासभर चालते आणि फिल्टर आपोआप साफ होतो. टोल लागतो, पण जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो, क्लच आणि ब्रेक वाचतात.

जुन्या रस्त्याने खत भरून घाट चढायचा असेल तर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. थांबलात तर हँडब्रेक ओढा, निघताना पहिल्या गिअरमध्ये सोडा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, अशी लक्षणं दिसली की क्लच प्लेट गेली समजा. आमची 38,000 ला अजून शाबूत आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

डिझेल टाकी ते टाकी मोजून भरलेलीला लिटरला 12, रिकामीला 15 पडतं. सीएनजीचा पर्याय शहरातल्या खेपांना चांगला, पण सिलिंडरचं वजन पेलोडमधून जातं आणि भरलेल्या गाडीला घाटात ओढ कमी पडते.

तक्रारी दोन. रिव्हर्समध्ये क्लच सोडताना 22,000 ला "टक" असा आवाज यायला लागला. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, खराब निघाला. वेळेवर ग्रीस मिळालं नव्हतं. सर्व्हिसच्या बिलात ग्रीसिंग होतं, निपलवर मात्र जुनी वाळलेली माती तशीच. तेव्हापासून दर 5,000 ला समोर उभं राहून ग्रीस मारून घेतो. कडेने नवं ग्रीस बाहेर आलं तरच आत गेलं. दुसरी तक्रार हौद्याची. खताची गोणी फाटली की दाणे पत्र्याच्या पन्हाळीत बसतात, हवेतला ओलावा ओढतात आणि रंग खातात. मागच्या फाळक्याच्या बिजागरीखाली आठव्या महिन्यातच गंज धरला. खत उतरवलं की त्याच दिवशी पाण्याने धुवायचं, पन्हाळीची भोकं तारेने मोकळी करायची.

रचनेबद्दल थोडं. बोलेरो पिकअप आणि योद्धा यांसारख्या बोनेटच्या गाड्यांत इंजिनला हात सहज पोचतो. दोस्तसारख्या पुढे केबिन असलेल्या गाडीत त्यासाठी सीट उचलावी लागते, पण तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि बांधावरच्या अरुंद वाटेवर गाडी लवकर वळते. द्राक्षबागेच्या आत जायचं असेल तर घेण्याआधी गाडी त्याच वाटेने नेऊन बघा, शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह तिथपर्यंत देतात. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम गाठा.