किनारी समुद्रासाठी ऑप्टिकल ऑक्सिजन मीटर : वापरानंतरचा अभिप्राय

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे हे मीटर आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी 30 मीटर केबलसह घेतले, आणि केबलवर केलेला जादा खर्च सर्वस्वी सार्थकी लागला. कोळंबीच्या तळ्यांसाठी मिळणारी आखूड केबलची मीटर स्वस्त असली, तरी गोवा-सिंधुदुर्गाच्या समुद्रात ती फसवी ठरतात. नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात खोल समुद्रातले कमी ऑक्सिजनचे थंड पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावर चढते, पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्यावर झाकणासारखा बसतो आणि कुजणारे सेंद्रिय पदार्थ तळाशी उरलासुरला ऑक्सिजनही संपवत जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही स्थिती सर्वांत बिकट होते. तेव्हा वरच्या पाण्यात लिटरला 6 मिलिग्रॅम दाखवणारा आकडा केबल सोडत गेल्यावर मध्येच एकदम कोसळतो आणि तळाजवळ 1 च्याही खाली जातो. 2 च्या खाली बहुतेक मासळीला तग धरणे कठीण असते.

जुन्या इलेक्ट्रोडच्या मीटरला मोजताना पाणी सतत हलते ठेवावे लागे, शिवाय तळाच्या पाण्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असला की तो इलेक्ट्रोड बिघडे. निळ्या प्रकाशावर चालणाऱ्या या सेन्सरला दोन्ही अडचणी नाहीत. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, मात्र हाताने भरावी लागते, आणि ती शून्यावर राहिली तर समुद्राच्या पाण्यात आकडा सुमारे एक-पंचमांशाने फुगतो. खोली मोजणारा सेन्सर नाही, ही खरी उणीव आहे. प्रवाहाने केबल तिरकी झाली की तिच्यावरच्या खुणांवर विसंबता येत नाही, म्हणून आम्ही टोकाला जड वजन बांधतो.

जगातल्या महासागरांनी 1960 नंतरच्या पन्नास वर्षांत सुमारे 2 टक्के ऑक्सिजन गमावला आहे. इतका सावकाश बदल ओळखायचा तर एकाच जागी वर्षानुवर्षे मोजावे लागते; गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर 1997 पासून तेच करत आहे. तशी नोंद ठेवायची असेल, तर प्रत्येक फेरीपूर्वी हवेत आणि सोडियम सल्फाइटच्या शून्य-ऑक्सिजन द्रावणात मीटर तपासून ते आकडेही वहीत लिहावेत, अधूनमधून विंकलर पद्धतीने, म्हणजे पाण्याच्या नमुन्यातला ऑक्सिजन रासायनिक रीतीने मोजून, पडताळणी करावी, आणि सेन्सरची टोपी वर्ष-दोन वर्षांनी बदलण्याची तरतूद खरेदीच्याच अंदाजपत्रकात करावी.