कॉर्सा ‘कॅप्टन्स कॉल’: आवाजासाठी उत्तम, ड्राइव्हच्या तापमानासाठी बेताचाच

मिशिगनमधील लेक सेंट क्लेअरवर आम्ही वापरतो त्या बोटीला मर्क्रूझरचे 5.7 लिटरचे, 300 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन आणि ब्राव्हो वन स्टर्नड्राइव्ह (बोटीतल्या इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा, मागे बाहेर बसवलेला गिअरांचा भाग; पुढे नुसता ‘ड्राइव्ह’) आहे. मूळ रचनेत इंजिनाचा धूर ड्राइव्हच्या पोटातून खाली उतरतो आणि प्रोपेलरच्या पोकळ हबमधून (मधल्या गाभ्यातून) पाण्याखाली बाहेर पडतो. कॉर्सा कंपनीचा ‘कॅप्टन्स कॉल’ संच बसवला की बटण दाबताच नळातील झडप फिरते आणि तोच धूर ट्रान्समवरील (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवरील) नळ्यांतून थेट मागे सोडला जातो.

हा संच घेणाऱ्यांना बहुधा दोन गोष्टी हव्या असतात: वेग वाढावा आणि ड्राइव्ह थंड राहावा. वेगाच्या बाबतीत माझी तरी निराशाच झाली. बोट भरधाव असताना हबच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती धूर ओढून घेते, त्यामुळे एवढ्या ताकदीच्या इंजिनाची मूळ मार्गानेही फारशी कोंडी होत नाही. फरक जाणवतो तो सुरुवातीला, आणि तोही उलट दिशेने. आमच्या प्रोपेलरच्या हबवर छिद्रे आहेत. त्यांतून झिरपणारा धूर पात्यांवरचे ओझे हलके करतो, इंजिन पटकन फेरे घेते आणि बोट लवकर प्लेनवर येते, म्हणजे उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकू लागते. ट्रान्समचा मार्ग उघडा असेल तर या छिद्रांना धूरच मिळत नाही आणि माणसांनी भरलेली बोट नाक वर करून रेंगाळते. म्हणून निघताना धूर पाण्याखालूनच सोडावा आणि प्लेनवर आल्यावर झडप फिरवावी. धक्क्याला लागताना रिव्हर्समध्ये मात्र ट्रान्समचा मार्ग सरस ठरतो, कारण प्रोपेलरला धुराने फेसाळलेले पाणी न मिळता सलग पाणी मिळते आणि पकड स्पष्टपणे सुधारते.

तापमानाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर विक्रेते सर्वांत सैलपणे बोलतात. सिलिंडरमधून निघणारा वायू कित्येक शे अंशांचा असला, तरी ड्राइव्हपर्यंत येण्यापूर्वीच एल्बोमध्ये (धुराच्या वाकलेल्या नळीत) त्यात पाणी मिसळले जाते आणि तो रबरी होज सहन करील इतका निवतो. ड्राइव्हच्या वरच्या भागातली खरी उष्णता तिथल्या काटकोनी गिअरांच्या घर्षणातून येते. प्लेनवर असताना खालचा गिअरकेस पाण्यात बुडालेला असतो, पण वरचा भाग हवेत उघडा पडतो. त्यावरचा रंग फुगून पापुद्रे निघणे आणि गिअर ऑइल काळपट होऊन त्याला करपट वास येणे, ही तो तापल्याची ओळखीची लक्षणे आहेत. धूर वळवल्याने या भागावरचा थोडा भार निश्चित कमी होतो, परंतु धुराबरोबर ड्राइव्हमधून वाहणारे पाणीही दुसरीकडे जाते हे विसरून चालणार नाही. वरच्या आवरणावर पाण्याचे फवारे मारणारा ड्राइव्ह शॉवर आणि वेळेवर बदललेले सिंथेटिक ऑइल यांचा उपयोग मला याहून कितीतरी अधिक वाटतो, आणि खर्चही कमी येतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र हा संच आपले काम चोख करतो. झडप फिरवल्यावर व्ही-8 चा मोकळा, भरीव सूर ऐकण्यात खरोखर आनंद आहे, आणि किनाऱ्यावरची घरे जवळ आली की तो क्षणात दबतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत बोटींच्या आवाजावर कायदेशीर मर्यादा असल्याने बोट घेऊन फिरणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटेल.

इंजिन मंद चालू असताना ट्रान्समजवळ कार्बन मोनॉक्साइड साचतो. झडप कोणत्याही स्थितीत असली तरी पोहण्याच्या फळीवर कोणी बसलेले असेल किंवा मागे पाण्यात कोणी असेल, तर इंजिन बंदच ठेवावे. बसवताना ट्रान्समच्या नळ्यांवरील रबरी फ्लॅपरही (बाहेरचे पाणी अडवणारे पडदे) नवे लावून घ्यावेत; ते फाटले की बोट अचानक थांबताच मागची लाट नळ्यांतून आत शिरते आणि पाणी इंजिनापर्यंत पोहोचू शकते.

सुराची आवड असणाऱ्यांनी हा संच अवश्य घ्यावा. ज्यांचा ड्राइव्ह तापत आहे, त्यांनी हे पैसे आधी शॉवर आणि ऑइलवर खर्च करावेत.