लीचा शेवट की क्लेमेंटाइनचा? ‘द वॉकिंग डेड’चे दोन अंतिम भाग

“पहिला सीझन संपला. ली गेला. दोन दिवस कशात लक्ष लागत नाहीये. आता पुढचं घेऊ, की इथेच थांबू?”

टेलटेल गेम्सच्या ‘द वॉकिंग डेड’ या निवडींवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल असा मेसेज मला वर्षातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा येतोच. यंदा मावसभावाचा आला. त्याला फोनवर पाऊण तास जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून लिहितेय. शेवट फोडल्याशिवाय ही तुलना होणार नाही, तेव्हा ज्यांनी पहिला सीझन खेळलेलाच नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. त्यांच्यासाठी माझं उत्तर सोपं आहे: पहिला सीझन घ्या, यूट्यूबवर काहीही शोधू नका आणि खेळून झालं की या.

तुलना आहे दोन अंतिम भागांची. एक, पहिल्या सीझनचा पाचवा भाग ‘नो टाइम लेफ्ट’, नोव्हेंबर २०१२. दुसरा, ‘द फायनल सीझन’चा चौथा भाग ‘टेक अस बॅक’, २६ मार्च २०१९. पहिल्यात ली एव्हरेट त्याने सांभाळलेल्या लहानग्या क्लेमेंटाइनला सोडून जातो. दुसऱ्यात तीच क्लेमेंटाइन मोठी झालीय आणि एजे नावाच्या पोराला वाढवतेय. मधे सहा वर्षांहून जास्त काळ, आणखी दोन सीझन आणि एका कंपनीचं दिवाळं.

आधी ‘नो टाइम लेफ्ट’.

ली हा जॉर्जिया विद्यापीठातला इतिहासाचा माजी प्राध्यापक. बायकोचे एका सिनेटरशी संबंध होते, त्या सिनेटरच्या खुनाबद्दल शिक्षा होऊन तो तुरुंगाच्या वाटेवर असतो आणि तिथून खेळ सुरू होतो. चौथ्या भागाच्या शेवटी त्याला वॉकर चावतो (या खेळात झॉम्बीला वॉकर म्हणतात). म्हणजे पाचवा भाग सुरू होतो तेव्हाच आपल्याला कळलेलं असतं की हा माणूस आता वाचत नाही. कथा लिहिणारा सहसा शेवटाची भीती दाखवून आपल्याला ओढत नेतो. इथे शेवट पहिल्याच मिनिटाला टेबलावर ठेवलाय. उरतो तो एकच प्रश्न, पोरीपर्यंत पोचायला वेळ पुरतो का.

सव्हाना शहरातल्या मार्श हाउस या हॉटेलात एका अनोळखी माणसाने तिला कोंडलंय. क्लेमेंटाइनचे आईवडील जिथे उतरले होते तेच हे हॉटेल. ली खोलीत शिरतो, तो माणूस समोर बसवतो आणि हिशोब मागायला लागतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी रस्त्यात दिवे चालू ठेवून उभी असलेली एक गाडी सापडली होती, आठवतं? त्यातलं खाणं तुमच्या टोळीने उचललं होतं. ती गाडी याची. आणि तुम्ही स्वतः हात लावला की नाही त्याप्रमाणे त्याची वाक्यं बदलतात. मी त्या वेळी खाणं घेतलं नव्हतं, त्यामुळे जरा ताठ मानेने बसले होते. मग त्याने बाकीचं काढलं. चार भागांत आपण पटकन, टायमरची पट्टी संपत आली म्हणून दाबलेली बटणं तो एकेक करून वाचून दाखवतो. शेजारी एक बोलिंगच्या चेंडूची पिशवी ठेवलेली असते. त्या पिशवीत काय आहे ते कळल्यावर माझ्या सख्ख्या भावाने कानातला हेडफोन काढून टाकला होता.

पण भाग लक्षात राहतो तो पुढच्या वीस मिनिटांसाठी. ली रस्त्यावर कोसळतो. क्लेमेंटाइन त्याला ओढत एका दागिन्यांच्या दुकानात नेते आणि शटर पाडते. मागच्या दाराला कुलूप, किल्ली आतल्या सुरक्षारक्षकाकडे, आणि तो आता वॉकर झालेला. इथे खेळाने एक साधी गोष्ट केलीय, जिचं कौतुक मला अजून पुरतं करता येत नाही. आतापर्यंत कर्सर म्हणजे लीचे हात होते. आता ली उठू शकत नाही. कर्सर तसाच फिरतो, वस्तूंवर टेकतो, पण क्लिक केलं की ली फक्त सांगतो आणि ती करते. ते उचल. तिकडे बघ. या बेड्या मला घाल. पाच भाग तिला जे जे शिकवलं त्याची तोंडी परीक्षा आणि परीक्षक भिंतीला टेकून मरतोय.

मग शेवटचा सल्ला. शहरांपासून लांब राहा, टोळीतल्या ओमिड आणि क्रिस्टाला शोध, केस बारीक ठेव. केसांचं वाक्य तिसऱ्या भागातून आलेलं. आगगाडीत लीने तिचे केस कापलेले असतात, लांब केस वॉकरच्या हाती लागतात म्हणून. मरताना सांगायचं काय तर केस काप. आपल्याकडे गावाला निघालेल्या पोरीला आजी दारात ‘स्वेटर घेतलास का’ विचारते ना, तसं. आणि मग प्रश्न: तिने गोळी झाडायची, की तसंच सोडून निघून जायचं? भावाने तेव्हा माझ्या हातातून माउस हिसकावला, कारण मी पट्टी संपेपर्यंत नुसती बघत बसले असते. त्याने ‘जा’ निवडलं.

आता ‘टेक अस बॅक’.

या भागामागे काय घडलं ते माहीत असलं की त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं. २१ सप्टेंबर २०१८ ला टेलटेल गेम्सने जवळजवळ सगळ्या, सुमारे २५० लोकांना कामावरून काढलं. फायनल सीझनचा दुसरा भाग त्यानंतर चारच दिवसांनी आला आणि पुढचे दोन येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मूळ कॉमिकचे लेखक रॉबर्ट कर्कमन यांच्या स्कायबाउंड कंपनीने खेळ हाती घेतला आणि मूळच्या चमूतल्या काही जणांना परत बोलावून जानेवारीत तिसरा आणि मार्चमध्ये चौथा भाग पुरा केला. म्हणजे पोरक्या पोरांची गोष्ट पोरक्या झालेल्या माणसांनी संपवली. घाई कुठे कुठे दिसते. कथेतल्या शाळेतली मुलं, त्यातही रूबी, आसिम, ओमर, शेवटी मागच्या बाकावर बसवल्यासारखी वाटतात.

मुख्य गोष्ट मात्र नेमकी पकडलीय. वेस्ट व्हर्जिनियातल्या एरिक्सन नावाच्या निवासी शाळेत मोठी माणसं उरलेली नाहीत. तिथे क्लेमेंटाइन आणि एजे येतात. पहिल्याच भागाच्या शेवटी हा चिमुरडा एजे एका मुलाला, मार्लनला, डोक्यात गोळी घालतो. कुठून शिकला? तुमच्याकडून. तिथून पुढे सीझनभर एकच विचारणं चालू राहतं: या पोराच्या निर्णयावर तुझा भरवसा आहे का? चौथ्या भागात पुलावर त्याचं बिल येतं. भरवसा टाकला असेल तर एजे टेन नावाच्या शाळेतल्या मुलाला मारतो आणि तुमचा जवळचा मित्र वाचतो, मग तो लुई असो की व्हायलेट. भरवसा नसेल तर टेन वाचतो आणि मित्र जातो. मी भरवसा टाकला होता. टेन पडला तेव्हा खरं सांगायचं तर एजेचा रागच आला, आणि तो राग स्वतःवर वळायला फार वेळ लागला नाही.

मग क्लेमेंटाइनच्या पायाला जखम, त्याच पायाला चावा, आणि एक कोठार. बाहेर वॉकर, आत भिंतीला टेकलेली ती, समोर हातात कुऱ्हाड घेतलेलं पोर. दागिन्यांचं दुकानच पुन्हा मांडलंय, फक्त आता आपण भिंतीच्या बाजूला. मार, की सोडून जा? या वेळी भाऊ बंगळूरला होता, व्हिडिओ कॉलवर, मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. तो म्हणाला, “मागच्या वेळी मी ठरवलं, आता तुझं तू बघ.” मी ‘मार’ म्हणाले. कुऱ्हाड वर जाते, पडदा काळा होतो.

पुढे थोडा वेळ एजे आपल्या हाती येतो. तो शाळेत परततो आणि कुबड्या घेतलेली क्लेमेंटाइन तिथे असते. त्याने तिचं ऐकलंच नाही. पाय तोडला आणि तिला वाचवलं.

इथे दोन तट पडतात. फसवणूक झाली म्हणणारे पुष्कळ आहेत. लीचा चावलेला हात कापूनही (तो पर्याय खेळ देतो) तो मेला, मग हिचा पाय कापून ही कशी जगली? याला उत्तर आहे. लीच्या बाबतीत चावा आणि करवत यांच्यात बराच वेळ गेलेला होता, तो मधे बेशुद्धही पडला होता. वेळेत अवयव तोडला तर माणूस वाचतो हे दुसऱ्या सीझनमध्ये रेजीच्या हाताने आधीच दाखवलंय. तेव्हा नियम मोडलेला नाही. पण नियम पाळला म्हणून गोष्ट पटतेच असं नाही. काळा पडदा दाखवून आम्हाला रडवून घेतलं आणि मग ‘हे घ्या’ म्हणून परत दिलं, ही थोडी नाटकमंडळींची चलाखी आहे. मला ती चालली, कारण एजेने आज्ञा मोडणं हाच तिच्या शिकवणीचा पुरावा आहे. भावाला अजिबात चालली नाही.

मग ‘निवडीवर चालणारा खेळ’ म्हणून कुठला सरस? मावसभावाला खरा रस यातच होता. प्रामाणिक उत्तर असं की दोन्हीकडे शेवट एकच आहे. हात कापा वा ठेवा, ली जातो. काहीही म्हणा, क्लेमेंटाइन जगते. फांद्या फुटलेला शेवट हवा असेल तर तो या दोघांत नाही. तो दुसऱ्या सीझनच्या ‘नो गोइंग बॅक’मध्ये आहे, ऑगस्ट २०१४ चा. बर्फात क्लेमेंटाइनच्या सोबत्यांची, केनी आणि जेनची, झटापट, आणि तुम्ही कोणाची बाजू घेता त्यावरून चार-पाच वेगळे मुक्काम. मी तो दोनदा खेळले, दोन्ही वेळा वेगळी माणसं माझ्यासोबत उरली. पण तिसऱ्या सीझनने त्या सगळ्या फांद्या सुरुवातीलाच चटकन छाटून टाकल्या, त्यामुळे आता ते वैविध्य मागे वळून पाहताना जरा फुकाचं वाटतं.

‘नो टाइम लेफ्ट’मध्ये तुमची निवड गोष्ट बदलत नाही, तुमच्यावरचा आरोप बदलते. ‘टेक अस बॅक’मध्ये ती एक जीव खरोखर इकडून तिकडे करते, आणि तेही तुमच्या हाताने नव्हे, तुम्ही वाढवलेल्या पोराच्या हाताने. मोजमापाने दुसरा पुढे. पण रात्री झोपताना डोक्यात फिरतो तो पहिला.

हाताळणीत फायनल सीझन स्वच्छ सुटसुटीत. खांद्यामागचा कॅमेरा, मोकळेपणाने फिरता येतं, वॉकर ढकलून पाडणं, गोळा केलेल्या वस्तूंनी खोली सजवणं. पहिला सीझन आज हाती घेतला तर माणसं लाकडी चालतात, कुठे कुठे चित्र अडखळतं. सव्हानाच्या रस्त्यावर ली एकटा वॉकरांच्या गर्दीतून चालत जातो तेवढा प्रसंग सोडला तर कृती म्हणावी असं त्यात फार नाही. शूटर खेळून आलेल्याला सुरुवातीला कंटाळा येईल.

भाषेचं एक. मराठी उपशीर्षकं नाहीत, आणि पात्रं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हेलात बोलतात. उत्तर निवडायला काही सेकंद मिळतात, त्यातच चारही पर्याय वाचायचे. इंग्रजी उपशीर्षकं पहिल्या मिनिटालाच चालू करा. आणि गप्प बसणं हाही पर्याय आहे, घाबरून काहीतरी दाबू नका.

मावसभावाला मी काय सांगितलं? लीनंतर निदान महिनाभर थांब. तो शेवट पूर्ण आहे, त्याला पुढच्या भागाची गरज नाही, आणि तिथेच थांबणाऱ्याचं काहीही चुकत नाही. पण क्लेमेंटाइनची आठवण यायला लागली तर दुसरा सीझन खेळ, मग थेट फायनल. तिसऱ्यातला नायक हाविएर गार्सिया माणूस चांगला आहे, पण ती त्याच्या घरच्यांची गोष्ट आहे, वेळ नसेल तर सोड. मधलं सोडलंस तरी फायनलच्या आधी ‘स्टोरी बिल्डर’ मागचे मोठे निर्णय विचारून घेतो, त्यामुळे अडत नाही. सगळं एकत्र हवं असेल तर सप्टेंबर २०१९ मध्ये आलेली ‘डेफिनिटिव्ह सीरीज’ बघ, त्यात २३ भाग आहेत.

त्याने विचारलं, दुसरा सीझन पण सोडला आणि सरळ फायनल घेतला तर? घे, पण मग फायनलच्या तिसऱ्या भागात स्वप्नातल्या आगगाडीत ली समोर बसतो, पहिल्या सीझनमधल्या डेव्ह फेनॉय यांच्याच आवाजात, तेव्हा तुला वाटेल की तू त्याला परवाच भेटला होतास. क्लेमेंटाइनला तसं वाटत नसतं, तिच्यासाठी मधे बरीच वर्षं गेलेली असतात. मधे काहीतरी खेळलेलं असलं तर तुझ्यासाठीही काळ गेलेला असेल.

त्याने काल फोटो पाठवला. स्क्रीनवर दुसरा सीझन उतरतोय, १४ टक्के.