रात्रीच्या पिशवीत सोनामुखी : मुलांसाठी मागवल्या जाणाऱ्या वजनाच्या चहाचं परीक्षण

वजन उतरवण्याचा हर्बल चहा बहुधा जोडीनं येतो. सकाळचा एक डबा, रात्रीचा एक, आणि कोर्स २८ दिवसांचा. सकाळच्या पिशवीत ग्रीन टी, आलं, लिंबाची साल, कधी गार्सिनिया म्हणजे मलबारी चिंच. रात्रीच्या पिशवीत पुदिना, बडीशेप, ज्येष्ठमध आणि सोनामुखी, म्हणजे जुलाब करणारी पानं. पहिल्या आठवड्यात काटा एखाद-दीड किलोनं खाली येतो, तो या सोनामुखीमुळे. नववी ते बारावीतल्या मुलामुलींच्या घरी हा डबा आला असेल, तर तो उघडण्याआधी उलटा करून मागची यादी वाचा.

यादीत ‘सोनामुखी’ असं सरळ लिहिलेलं क्वचितच सापडतं. स्वर्णपत्री, मार्कंडी, सेना लीफ, कॅशिया अँगुस्टिफोलिया ही सगळी तिचीच नावं. हरडा, रेवंदचिनी आणि काळा बोळ (कोरफडीच्या पानातला वाळवलेला पिवळा रस) हेही रेचकच. खाद्यपदार्थाच्या परवान्यावर विकल्या जाणाऱ्या मालात घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. सोनामुखी पहिल्या तिनांत असेल तर तो चहा नव्हे, जुलाबाचं औषध आहे. यादी मोघम वाटली तर एक पिशवी फाडून पांढऱ्या बशीत पसरा. सोनामुखीचे तुकडे पिवळट हिरवे, चपटे, जरा ताठर असतात आणि पुदिन्याच्या गडद, चुरगळलेल्या पानांतून वेगळे दिसतात. भुकटी केलेली असेल तर मात्र डोळ्यांना काही कळायचं नाही.

तिचं काम कसं चालतं ते एकदा समजलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. सोनामुखीतले सेनोसाइड (जुलाब घडवणारे घटक) लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आतडं जोरानं आकसू लागतं आणि पाणी-क्षार शोषून घेण्याचं काम मंदावतं. याला ६ ते १२ तास लागतात, म्हणून ती पिशवी रात्रीची. पण रात्री खाल्लेली पोळी, भात, तूप यांतली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. सकाळी बाहेर पडतं ते पाणी, सोडियम आणि पोटॅशियम. चरबीचा कणही हलत नाही.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली मात्रेची. सोनामुखीच्या गोळीत सेनोसाइड किती ते मोजलेलं असतं. पिशवीत ते पाण्याच्या उष्णतेवर आणि पिशवी किती वेळ बुडवली यावर ठरतं. ३ मिनिटांनी काढलेला कप आणि अभ्यासाच्या नादात १५ मिनिटं तशीच राहिलेली पिशवी यांत बराच फरक पडतो, आणि परीक्षेच्या सकाळी पोटात पिळवटून मुरडा येतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्येष्ठमध गोडीसाठी घातलेलं असतं, पण त्यातलं ग्लिसरायझिन लघवीवाटे पोटॅशियम घालवतं आणि रक्तदाब वाढवतं. म्हणजे एकाच कपात आतड्यातूनही पोटॅशियम जातं आणि मूत्रपिंडातूनही. पायात गोळे येणं, हातपाय गळणं, छातीत धडधड ही त्याची लक्षणं. बद्धकोष्ठासाठीसुद्धा सोनामुखी सलग एका आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नये आणि १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं युरोपीय औषध संस्था सांगते. २८ दिवसांचा कोर्स त्यात कुठेच बसत नाही.

सकाळची पिशवी तुलनेनं सौम्य आहे, तरी तिच्याकडून अपेक्षा काय ठेवायची हे स्पष्ट हवं. ग्रीन टी आणि वजनावरच्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) २०१२ साली आला. त्यात जपानबाहेरच्या अभ्यासांतला सरासरी फरक ०.०४ किलो निघाला, म्हणजे ४० ग्रॅम. तेही प्रौढांमध्ये. मलबारी चिंचेतलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल कोकमातही असतं, पण कोकमाचं सार आणि त्याचा दाट अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्क असलेल्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घटकांत ‘एक्स्ट्रॅक्ट’ हा शब्द गार्सिनियापुढे किंवा ग्रीन टीपुढे दिसला, तर तो डबा वाढत्या वयाच्या मुलांसाठी घेऊ नका.

साधा ग्रीन टी आवडत असेल तर दिवसाला एक कप, फार तर दोन. २ ग्रॅम पत्ती, २०० मिली पाणी. पाणी उकळल्यावर आच बंद करून ४–५ मिनिटं थांबा, मग पत्ती टाका आणि २–३ मिनिटांत गाळा. उकळत्या पाण्यात टाकला की कडू होतो, मग कपात दोन चमचे मध पडतो आणि त्याबरोबर चाळीसेक कॅलरी येतात. कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम; ४५ किलोच्या मुलीला १३५. त्यात घरचा चहा, कॉफी, कोला, सगळं धरायचं. संध्याकाळी पाचनंतर नकोच, कारण झोप तुटली की भूक वाढते.

आणि जेवणाबरोबर तर अजिबात नको. चहातलं टॅनिन पालेभाजी, डाळ, नाचणी यांतलं लोह अडवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. शाळेतून मिळणारी लोहाची निळी गोळीही चहासोबत घेऊ नये. थायरॉइडच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर रेचक चहा पूर्ण बंद, कारण गोळ्या नीट शोषल्या जाण्याचा भरवसा राहत नाही.

जाहिरातीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा आहे. त्यावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करणंच बेकायदा. आणि पाकिटावर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी यांपैकी काहीच नसेल तर धोका वेगळाच आहे. भारतात २०११ पासून बंदी असलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा ‘नैसर्गिक’ पाकिटांत मिसळलेलं सापडलेलं आहे. चहानं भूक अचानक मरते, तोंड कोरडं पडतं, नाडी जलद होते, असं दिसलं तर पाकीट जपून ठेवा आणि ते घेऊनच डॉक्टरकडे जा.

खरोखर उपयोगाचा हर्बल चहा कुंडीत असतो. गवती चहाची ३–४ पाती कापून, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, ४–५ तुळशीची पानं, ३०० मिली पाण्यात ५ मिनिटं उकळा, झाकून ५ मिनिटं ठेवा, बिनसाखरेचा गाळा. चरबी यानंही जळत नाही. पण दिवसाचे तीन कप गोड चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, हे जर यानं सुटले, तर ३० ग्रॅम साखर म्हणजे १२० कॅलरी रोज कमी होतात. फक्त चहाबरोबर दूधही सुटतं, आणि या वयात दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं; म्हणून वाटीभर दही किंवा पेलाभर दूध वेगळं द्यायलाच हवं.

वजन जास्त आहे की नाही हे आरशावरून वा मैत्रिणीवरून ठरवू नका. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे ५ ते १८ वर्षांचे वाढतक्ते आहेत, त्यावर उंची, वय, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा) बघून डॉक्टर सांगतील. उंची अजून वाढत असेल तर बऱ्याचदा वजन आहे तिथेच राखणं पुरेसं असतं.

चहा काही आठवडे चालू असेल तर आज रात्रीपासून थांबवा आणि सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. थांबवल्यावर काही दिवस शरीर पाणी धरून ठेवतं, काटा किलोभर वर जातो, पाय जरा सुजल्यासारखे वाटतात. हे तात्पुरतं असतं. नेमकी याच वेळी मुलं घाबरून पुन्हा पिशवीकडे वळतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा आणि काटा उचलून ठेवा. शौचाला त्रास झाला तर पेलाभर पाण्यात एक चमचा इसबगोल, वर आणखी पाणी. मूल जेवण टाळत असेल, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जात असेल, पाकिटं लपवत असेल किंवा मुलीची पाळी चुकत असेल, तर रागावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.